सात-बारा उघडा, पण अंगठा जपा



गळीत हंगाम जवळ आला की कागदांचाही हंगाम सुरू होतो. ऊस नोंदणीला सात-बारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स आणि पासबुकाचे पहिले पान लागते. सोसायटीच्या कर्जाला तेच, पीक विम्याला तेच, ठिबकच्या अनुदानालाही तेच. कागद देऊन देऊन आपण म्हणू लागलो आहोत, "त्यात काय एवढं? झेरॉक्सच तर आहे!" आपल्या जिल्ह्यात नाशिकरोडला नोटा छापतात, तिथे केवढा कडक पहारा असतो. आणि ज्या कागदांवर आपले बँक खाते उभे आहे, ते मात्र आपण कोणाच्याही टेबलावर ठेवून येतो. म्हणून या अंकात हा धडा.

उघडे काय आणि खाजगी काय?

सात-बारा हा उघडा कागद आहे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकला की खातेदाराचे नाव, क्षेत्र, बोजा कोणालाही दिसतो. जमिनीचे व्यवहार चोख व्हावेत म्हणून ते तसे ठेवले आहे. पण यातून एक गोष्ट नीट समजून घ्या. फोनवरचा माणूस तुमचा गट नंबर, क्षेत्र आणि सोसायटीचा बोजा बिनचूक सांगतो, म्हणून तो बँकेचा किंवा सरकारचा माणूस ठरत नाही. एवढी माहिती घरबसल्या मिळते.

खाजगी आहे ते आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा, खाते क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. ही चार माणसे वेगवेगळी राहिली तर बरे. एकत्र आली की घर फोडतात.

अंगठ्याची चोरी

आता गावातच मशिनवर अंगठा ठेवून पैसे काढता येतात. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर काम होते, ओटीपी लागतोच असे नाही. म्हाताऱ्या माणसांची यात मोठी सोय झाली. पण अंगठ्याचीही नक्कल होते. २०१८ साली तेलंगणात पोलिसांनी एकाला पकडले. त्याने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरील अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवले होते आणि त्यावर सिमकार्डे चालू केली होती. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून त्याला कुलूप हवे.

काय करावे?

१) आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. रेशनला अंगठा लागतो तेव्हा ते थोड्या वेळापुरते उघडता येते.

२) जिथे चालेल तिथे 'मास्क्ड' आधार द्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

३) झेरॉक्सवर आडवे लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख, आणि खाली सही. बिघडलेली प्रत दुकानात टाकू नका, फाडून घरी आणा.

४) शेतकरी ओळख क्रमांक काढताना ओटीपी आला तर तो कशाचा आहे ते मेसेजमध्ये वाचून मगच सांगा. मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन चहाला जाऊ नका.

५) व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. अशा फायली मोबाइलमधले मेसेज वाचतात, म्हणजे ओटीपी परस्पर चोराकडे जातो.

६) आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते 'संचार साथी'वर पाहता येते. घरातल्या शिकणाऱ्या पोराला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे.

कायदा कोणाच्या बाजूने?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. संमतीने माहिती घेणाऱ्याने कोणती माहिती, कशासाठी घेतो हे सांगितले पाहिजे, आणि ते मराठीतही मागता येते, असा त्याचा गाभा आहे. दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आहे.

हे लिहिताना आम्ही कारखान्याला वगळत नाही. नोंदणीला येणाऱ्या चिटबॉयलाही विचारा, "ही झेरॉक्स कशाला? कुठं ठेवणार?" विचारणारा सभासद भांडखोर नसतो. वजनकाट्यावर आपण आकडा पाहतोच ना? तसेच हे. सहकारात हिशेब मागणे हा मालकाचा हक्क आहे आणि माहिती हीदेखील मालकाचीच वस्तू आहे.

एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही, त्या शेजाऱ्याला हा धडा वाचून दाखवा. वर्षभर पाणी देऊन वाढवलेल्या उसाचे बिल दुसऱ्याच्या अंगठ्याने जाऊ नये, एवढीच विनंती.