खरखर एकच, मग पेडल पाच कशाला?

प्रश्न : माझा पुतण्या कामशेतला राहतो, पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. गिटारला जोडायची डिस्टॉर्शन पेडल जमवायचा त्याला नाद लागलाय. चार झाली, पाचवं येऊ घातलंय. गाणं मात्र एकही वाजवत नाही. नुसती खरखर, घरघर, शिट्ट्या. विचारलं तर म्हणतो, ‘काका, हे नॉइज आहे.’ आवाज खराबच करायचा तर एका पेडलवर का भागत नाही? आणि याला संगीत म्हणायचं का?
– एक वाचक, वडगाव मावळ

उत्तर : भागत नाही, कारण प्रत्येक पेडल आवाज निराळ्या जागी मोडतं. गिटारच्या पिकअपमधून निघणारा विजेचा संदेश इवलासा असतो, व्होल्टचा काही दशांश. पेडल तो कित्येक पटींनी फुगवतं; पण आत वीज नऊच व्होल्टची, त्यामुळे फुगलेली लहर कुठेतरी अडते. तिचा गोल माथा छाटला जातो आणि मुळात नसलेले वरचे स्वरांश त्यातून फुटतात. छाटणी कोण करतं, यावर आवाजाचा पोत ठरतो. सिलिकॉनचा डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास कापतो, जर्मेनियमचा त्याच्या निम्म्यावर आणि जरा हळुवारपणे. बॉसचं नारिंगी डीएस-१ (१९७८) कर्कश चिरतं. बिग मफमध्ये एकामागोमाग चार ट्रान्झिस्टर असल्याने सूर लांबत जाऊन त्याची जाड भिंत होते. जुन्या फझ पेडलमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर तर तापमानाने बदलतात, म्हणजे लोणावळ्यात जानेवारीच्या पहाटे ते एक बोलतील आणि मेच्या दुपारी दुसरंच.

या सगळ्याचा जन्मच बिघाडातून झाला. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ (१९६१) या गाण्याचं नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंगच्या टेबलाचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारला भुंग्यासारखा आवाज आला. तो तसाच ठेवला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने पुढे तो बिघाड मुद्दाम घडवणारी डबी तयार केली आणि १९६२ मध्ये ती ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आली. फारशी खपली नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये वाजली, तेव्हा कुठे दुकानदारांना तिची किंमत कळली.

तुमच्या पुतण्याची नॉइजवाली मंडळी याच्याही पुढे गेलेली. त्यांना गिटार लागतेच असं नाही. पेडलमधून बाहेर पडणारा आवाज मिक्सरमार्गे पुन्हा त्याच पेडलमध्ये सोडला की ते स्वतःच किंचाळू लागतं आणि एकेक बटण फिरवलं की शिट्टीची घरघर होते, घरघरीचे ठोके होतात. इथे वाद्य म्हणजे पेडलच. टोकियोचा मासामी अकिता ‘मर्झबाउ’ या नावाने १९७९ पासून असलं काम करतो आहे.

आता मावळाचं. पुतण्याला पाचवं पेडल घेण्याआधी पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास पाठवा. बझरमध्ये असते ती पिएझोची पितळी चकती तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अगदी स्वस्तात मिळते. तिला तारा डकवून ती पत्र्याच्या छपराला आतून चिकटवायची आणि तार पेडलमध्ये खोचायची. जुलैतला मावळचा पाऊस त्या पेडलमधून कसा येतो, हे पाचव्या डबीपेक्षा जास्त काही शिकवेल. विजा चमकत असताना मात्र सगळं काढून ठेवायचं, तिथे हौस नको.

दुसरी वस्तू तर फुकटच, ती म्हणजे गुणगुण. काहीही न वाजवता पेडल चालू केलं की जी घुंऽऽ ऐकू येते, ती घरातल्या विजेची. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते; हा सूर पाश्चात्त्य ‘जी’पेक्षा किंचित चढा. लोणावळ्याचा पाऊस वळवणसारख्या तलावांत साठवून टाटांनी तो घाटाखाली खोपोलीला सोडला आणि १९१५ पासून मुंबईला वीज पुरवली. त्या लोणावळ्याजवळ बसून विजेच्या सुराशी गिटार जुळवायला मला तरी गंमत वाटेल.

राहिला तुमचा ‘खराब’ हा शब्द. तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीचा माथा अगदी किंचित उताराचा घासलेला, त्यावर तारेखाली सुताचा दोरा. तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि मूळ स्वरावर अनेक स्वरांश झणझणतात. दोरा केसभर सरकला की आवाज बोथट तरी होतो नाहीतर नुसता खरखरतो. मिरजेचे कारागीर ही जवारी कानाने काढतात. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फरक आहेच : तंबोऱ्यातली झणझण गायकाच्या षड्जाला धरून असते, नॉइजवाला षड्जच मोडीत काढतो. पण तारेचा स्वच्छ आवाज आपल्यालाही पुरला नव्हता, एवढं मान्य करावं लागतं.

संगीत म्हणायचं का? पुतण्याला विचारा, ‘कालचाच आवाज आज पुन्हा काढून दाखव.’ बटणं कुठे ठेवली, कुठलं पेडल आधी, कुठलं नंतर, हे त्याने वहीत लिहिलं असेल आणि आवाज जवळपास तसाच आला, तर तो ऐकतो आहे, शोधतो आहे. मी त्याला संगीत म्हणेन, आवडो न आवडो. नुसत्याच डब्या फळीवर मांडून फोटो काढत असेल, तर तो संग्राहक. तेही वाईट नाही, फक्त महाग आहे.

पावसाळ्यात डब्या बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायला सांगा. आपल्याकडच्या दमटपणात बटणांचे आतले संपर्क गंजतात आणि मग नको तेव्हा खरखर होते. आणि कानांचं बघा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. हेडफोनलाही हाच हिशेब लागू. वाढदिवसाला काही द्यायचंच असेल, तर कानात घालायचे चांगले प्लग द्या, आणि एक जोडी स्वतःसाठी ठेवा.