थर्मोस्टॅट बदलल्यावर

पोरा, हुमनाबादला दुकान टाकतोयस, चांगलं करतोयस. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, या पट्ट्यात गिझर-फ्रीजच्या कामाला तोटा नाही. गिऱ्हाईक कुणी म्हणेल ‘पाणी तापंना’, कुणी ‘नीर बिसी आगवल्दु’, कुणी ‘पानी गरम नै होरा भाई’. तिन्ही ऐकून घे आणि तोंडातून लगेच पार्टचं नाव काढू नकोस. खरी परीक्षा थर्मोस्टॅट बदलून आल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येतो तेव्हा असते. नवाच खराब निघाला म्हणत तिसरा आणायला धावायचं नाही. जुना का जळला, हे आधी बघितलं असतंस तर बहुतेक वेळा तो फोन आलाच नसता.

गिझरचं घे. आधी एमसीबी पाड, मग दोन्ही तारांना टेस्टर लाव. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे असतात, बटण बंद असलं तरी आत करंट असतो. झाकण काढलंस की टर्मिनलकडं नीट बघ. स्क्रू काळा पडलाय, तारेचं प्लास्टिक वितळून मागं सरकलंय, असं दिसलं तर जुना थर्मोस्टॅट ढिल्या जोडणीनं गेला. त्याच जळक्या टोकाला नवा जोडलास तर तोही जाणार. तार चांगल्या तांब्यापर्यंत काप, नवीन लग दाब, स्क्रू घट्ट आवळ. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला 16 अँपिअरचाच प्लग पाहिजे. टीव्हीच्या बोर्डावरून गिझर चालवणारे महाभाग तुला भेटतीलच.

मग एलिमेंट मोज. 2000 वॉटचं धड असेल तर मीटरवर 26-27 ओहमच्या आसपास दाखवेल. एक वायर टर्मिनलला, दुसरी टाकीच्या बॉडीला लाव. तिथं काहीच दिसायला नको. दिसलं तर एलिमेंट फुटलंय. घरात ईएलसीबी असेल तर तो पडत राहील आणि बाई म्हणतील, तुम्ही नवीन बसवल्यापासूनच हे सुरू झालं. नसेल तर नळाला हात लावणाऱ्याला झटका. म्हणून अर्थिंग तपासल्याशिवाय त्या घरातून निघू नकोस.

शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम इकडं काम निघालं तर एलिमेंट बाहेर काढूनच बघ. सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडीवर उभे राहिले, तिच्यातलंच पाणी बोअरला येतं. एलिमेंटवर पांढरा थर चढतो, आतली उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. थर्मोस्टॅटचा दांडा ज्या नळीत बसतो तिच्यावरही तोच थर. मग पाणी किती तापलं ते त्याला उशिरा कळतं, तोवर कटआऊट उडतो. कटआऊटचं लाल बटण दाबलं की गिझर सुरू होतो आणि गिऱ्हाईक खूश. तू मात्र तो का उडाला ते शोध. कटआऊट डायरेक्ट करून देणारे मिस्त्री आपल्याकडं आहेत. तू त्यांतला होऊ नकोस. टाकीतलं पाणी उकळायला लागलं आणि वरचा सेफ्टी व्हॉल्व्हही गंजून बसलेला असला, तर टाकी फुटते.

नवा दांडा जुन्याला लावून बघ. लांबी कमी पडली तर पाण्याचा अंदाज चुकतो. बसवून झाल्यावर गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत बटण चालू करायचं नाही, नाहीतर कोरडं एलिमेंट तिथंच जळेल. लहान लेकरं असतील तर आकडा 50 वरच ठेव.

आणि व्होल्टेज. थंडीत बीदरच्या पठारावर पहाटे सगळी गल्ली एकदमच गिझर लावते. लाईनच्या टोकाच्या घरात व्होल्टेज 180 वर आलं की तुझा 2000 वॉटचा गिझर बाराशे-साडेबाराशेवर येतो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर जायला एरवी 18-20 मिनिटं लागतात, तिथं अर्धा तास लागतो. यात थर्मोस्टॅटचा काय दोष? मीटर लावून आकडा बाईंना दाखव, बाकी बोलायची गरज पडत नाही.

फ्रीजच्या थर्मोस्टॅटला बारीक नळी असते, तिचं टोक आत बर्फाच्या भागाला क्लॅम्पखाली घट्ट चिकटलेलं पाहिजे. ते सुटलं तर कॉम्प्रेसर थांबत नाही, कोथिंबिरीवर बर्फ धरतो. नळी वाकवताना बोटाभोवती सावकाश वळव. कडक घडी पडली की ती गेली. तारा काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढ. सगळं झाल्यावर आकडा मधे ठेव आणि एक दिवस कुणाला हात लावू देऊ नकोस. लाईट जाऊन आल्यावर ‘घुं’ आवाज आणि मग ‘टक’ ऐकू आलं, तर प्लग काढ, पाच मिनिटं थांब. गॅसचा दाब उतरला की सुरू होतो. तरीही तेच झालं तर व्होल्टेज बघ, मग रिले.

कलबुर्गीत मे महिन्यात 42-43 अंशांत, वर फरशीचं तापलेलं छत, फ्रीज भिंतीला टेकवलेला. तो दिवसभर चालणारच. मागं वीतभर जागा सोडायला सांग, कॉइलवरची धूळ झाड.

एसीत थर्मोस्टॅटऐवजी सेन्सर असतात, खोलीचा एक आणि कॉइलचा एक. बाजारात दिसायला सारखेच मिळतात, आत ओहम वेगळे. जुन्यावरचा आकडा वाच, नवा मीटरला लाव आणि मुठीत धर. मूठ गरम तसे ओहम उतरले पाहिजेत. चुकीचा बसला तर खोली उकडत असताना एसीला वाटतं थंडी पडलीय. बसवून झालं की रिमोट 24 वर ठेवून दे. 2020 पासून स्टारवाल्या नव्या एसींना सुरुवातीचा आकडा 24 च ठेवायचा सरकारी नियम आहे. गिऱ्हाईक 16 मागेल. 16 लावल्यानं खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर तेवढा जास्त वेळ चालतो, हे एकदा सांगायचं आणि बॅग उचलायची.