दोन कंपन्यांचे ईपीएबीएक्स जोडण्याआधी

फोन लागला, समोरून 'हॅलो' ऐकू आलं, की दोन ईपीएबीएक्स जोडले गेले असं धरून बिल मंजूर होतं. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत टेलिफोन आणि नेटवर्कचं काम करताना हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आणि ज्या कंपनीत ते काम सांभाळत होतो तिथे त्याचा मनस्तापही भोगला. वेगवेगळ्या बनावटीच्या दोन यंत्रणांमध्ये साधा कॉल लागणं हा सगळ्यांत सोपा भाग. खरी अडचण पुढे येते: कॉल दुसऱ्याला देताना, फॅक्स पाठवताना, आणि आग लागल्यावर कोणी घाईघाईने १०१ फिरवतं तेव्हा.

आपल्या भागात ही वेळ हमखास येते. सातपूर भरलं, अंबड भरलं, मग कारखाने सिन्नर, गोंदे, दिंडोरीकडे सरकले. शेड अपुरी पडली की दुसरीकडे प्लॉट घेतला जातो, कधी एखादं चालू युनिट विकत घेतलं जातं आणि यंत्रांबरोबर त्याचा टेलिफोन बोर्डही ताब्यात येतो. आमच्याकडे अंबडच्या मुख्य कारखान्यात जपानी बनावटीचा बोर्ड होता, सिन्नरच्या नव्याने घेतलेल्या युनिटमध्ये जर्मन आणि मुंबईच्या विक्री ऑफिसात देशी. तिन्ही उत्तम चालत होते, फक्त तिन्हींची एएमसी वेगवेगळ्या लोकांकडे होती. व्यवस्थापनाची मागणी रास्त होती. ऑपरेटर एकाच ठिकाणी असावी आणि अंबडच्या माणसाला सिन्नरच्या स्टोअरचं एक्स्टेंशन थेट फिरवता यावं.

पहिला प्रस्ताव सर्वांत स्वस्त होता. एका बोर्डाचं एक्स्टेंशन दुसऱ्याच्या ट्रंक पोर्टात द्यायचं, मधल्या लीज्ड लाइनवर दोन टोकांना छोटे गेटवे बसवायचे. डेमोमध्ये आवाज स्वच्छ आला. पण साध्या ॲनालॉग पोर्टाला समोरच्याने फोन ठेवला हे कळायला काहीतरी खूण लागते. लाइनची पोलॅरिटी उलटावी लागते, नाहीतर ठरावीक एंगेज टोन मिळावा लागतो. आमचा एक बोर्ड ज्या टोनची वाट पाहत होता, तो दुसऱ्याकडून येतच नव्हता. दोघांनीही रिसीव्हर ठेवला तरी लाइन आतल्या आत अडकून राहायची. दुपारपर्यंत सगळ्या लाइनी बिझी व्हायच्या. मग ऑपरेटर ताई उठून बोर्डाची पॉवर बंद-चालू करायच्या आणि चालू असलेले सगळे कॉल तुटायचे. अशी जोडणी कोणी सुचवली तर शक्यतो घेऊ नका. घ्यावीच लागली तर आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी आधी फोन ठेवून पाहा आणि पोर्ट खरोखर मोकळा झाला का, ते बोर्डावर जाऊन तपासा.

नंतर अंबड आणि सिन्नर पीआरआय कार्डं टाकून क्यूसिगवर जोडायचं ठरलं. वेगवेगळ्या बनावटीच्या एक्स्चेंजना आपसात बोलता यावं म्हणूनच आयएसडीएनच्या पायावर हे प्रमाण तयार झालं आहे. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "साहेब, दोन्ही सिस्टीम क्यूसिग सपोर्ट करतात. केबल लावली की झालं." त्याचं वाक्य खोटं नव्हतं. पण क्यूसिगमध्ये मूळ कॉल हा एक भाग, आणि नाव दिसणं, कॉल वळवणं, कॉलबॅक, व्हॉइसमेलचा दिवा लागणं असे इतर भाग निराळे आहेत. कोणत्या कंपनीने त्यातले कोणते घेतले, हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कधीच नसतं. वर नेटवर्किंगचं लायसन्स बहुधा वेगळं विकलं जातं, तेही चॅनेलच्या हिशोबाने.

याचा फटका कसा बसतो ते सांगतो. सिन्नरहून अंबडच्या ऑपरेटरकडे कॉल आला आणि ताईंनी तो सिन्नरच्याच दुसऱ्या एक्स्टेंशनला दिला, तर जोडणी नीट असेल तेव्हा मधली वाट सुटते आणि दोघं सिन्नरच्या सिन्नरमध्ये बोलतात. याला पाथ रिप्लेसमेंट म्हणतात. आमच्याकडे ती सोय एका बोर्डात होती, दुसऱ्यात नव्हती. त्यामुळे असा प्रत्येक कॉल अंबडला जाऊन परत यायचा आणि बोलणं संपेपर्यंत दोन चॅनेल अडवून ठेवायचा. पीआरआयवर बोलण्यासाठी ३० चॅनेल असतात, पण लायसन्स आठचंच घेतलेलं. असे चार कॉल एकाच वेळी झाले की दोन्ही कारखान्यांमधली वाट बंद. ऑर्डर देण्यापूर्वी ही गोष्ट कागदावर कळू शकते. तुमच्याकडे कोणत्या प्रकारचे कॉल होतात त्याची यादी करा आणि प्रत्येकासमोर दोन्ही पुरवठादारांकडून 'होतं' किंवा 'होत नाही' असं सहीनिशी लिहून घ्या. 'सपोर्ट करतं' हा शब्द त्या कागदावर चालवून घेऊ नका.

पीआरआयचं घड्याळही बघावं लागतं. एका टोकाने वेळ द्यायची आणि दुसऱ्याने ती घ्यायची. अंबडला टेलिफोन कंपनीची पीआरआय असेल तर घड्याळ तिच्याकडून घ्यावं आणि तेच पुढे सिन्नरला द्यावं. दोन्ही टोकं आपापल्या घड्याळावर चालली तरी बोलणं होतं, फक्त मधूनमधून टिकटिक ऐकू येते आणि फॅक्स अर्ध्यात तुटतो. लोक मग फॅक्स मशिन दुरुस्तीला पाठवत राहतात.

नंबरांचं काम सगळे शेवटी ढकलतात. ते सर्वांत आधी करावं. आमच्या तिन्ही ठिकाणी एक्स्टेंशन २०१ पासूनच सुरू होत होती. एके ठिकाणी ऑपरेटरसाठी ९ आणि बाहेरच्या लाइनसाठी ०, दुसरीकडे नेमकं उलट. अंबडला २, सिन्नरला ४, मुंबईला ६ असा पहिला आकडा देऊन चार आकडी नंबर केले, तेव्हा कुठे घोळ मिटला. उद्या दिंडोरीला युनिट निघेल म्हणून एक आकडा राखूनही ठेवला. पण बोर्डावर नंबर बदलले म्हणजे काम झालं असं होत नाही. वजनकाट्यावरचा फोन, लिफ्टमधला फोन, गेटवरच्या काकांनी भिंतीवर पेनाने लिहून ठेवलेले नंबर, हे सगळं स्वतः फिरून तपासावं लागतं.

मुंबई सिपवर जोडली. सिपचं आज चालतं ते मूळ प्रमाण २००२ चं, आरएफसी ३२६१. त्यातही दोन 'सिप' बोर्ड एकसारखे वागतील याची खात्री नाही. 'विक्रीसाठी १ दाबा' म्हटल्यावर दाबलेलं बटण आवाजातून जाऊ शकतं, आरएफसी २८३३ च्या पद्धतीने जाऊ शकतं किंवा सिप इन्फोने. दोन टोकांना दोन पद्धती ठेवल्या असतील तर माणूस बटण दाबत राहतो आणि पलीकडे काहीच घडत नाही. कोडेकचंही तसंच. जी.७११ वर एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात, जी.७२९ वर सुमारे ३१. जागा वाचवायला जी.७२९ ठेवलं तर बोलणं चालतं, पण फॅक्स त्यातून जात नाही. फॅक्ससाठी जी.७११ किंवा टी.३८ वेगळं ठेवा. राउटरवर आवाजाला प्राधान्य दिलेलं नसेल तर संध्याकाळी ईआरपीचा बॅकअप सुरू झाला की शब्द तुटू लागतात. आवाज एकाच बाजूने येत असेल तर आधी फायरवॉल बघा, दोष बहुधा तिथेच सापडतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. भाडं वाचावं म्हणून बाहेरच्या सगळ्या लाइनी अंबडला एकत्र केल्या गेल्या. सेफ्टी ड्रिलमध्ये सिन्नरच्या गेटवरून १०१ फिरवला, तेव्हा तो अंबडच्या लाइनवरून बाहेर पडला आणि शिंगाडा तलावाजवळच्या नाशिक महापालिकेच्या अग्निशमन केंद्रात वाजला. सिन्नर तिथून सुमारे ३० किलोमीटर. ११२ किंवा १०८ लावला असता तरी समोरच्याला नंबर अंबडचाच दिसला असता. ड्रिल होती म्हणून निभावलं. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्याला लागलेली आग जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. त्या आगीत कामगारांचे जीव गेले. अशा वेळी फोन कोणत्या गावात वाजतो, हा प्रश्न भाड्याच्या बचतीपेक्षा फार मोठा आहे. प्रत्येक ठिकाणी किमान एक स्थानिक लाइन ठेवाच. १००, १०१, १०८, ११२ हे नंबर त्याच लाइनवरून जातील असं प्रोग्रॅमिंग करून घ्या, आणि पुढे ० लावला किंवा विसरला तरी ते लागले पाहिजेत. संबंधितांना आधी कळवून प्रत्येक गेटवरून एकदा लावून पाहा. रस्ता खोदताना फायबर तुटणं आपल्याकडे नवीन नाही, म्हणून हीच चाचणी मधली लिंक मुद्दाम काढून पुन्हा करा. फायबरवरच्या फोनला जागेवरची वीज लागते, तेव्हा गेटवर एक मोबाइलही असू द्या.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. बाहेरून सिन्नरला आलेला कॉल स्वतःच्या लीज्ड लाइनवरून मुंबईला नेऊन तिथल्या लाइनवरून पुन्हा बाहेर सोडणं, म्हणजे टोल बायपास, आपल्याकडे बेकायदा आहे. जून २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांचे नियम बरेच सैल केले, तेव्हाही ही बंदी उठली नाही. बोर्ड तसं करू शकतो म्हणून पुरवठादार ते सोय म्हणून दाखवतो. ती वाट प्रोग्रॅमिंगमध्येच बंद करून घ्या आणि आपल्या जोडणीत काय चालेल ते टेलिफोन कंपनीकडून लेखी घ्या.

बिघाड झाला की दोन्हीकडचे इंजिनिअर म्हणतात, "आमच्या बाजूने ओके आहे." दोघंही मनापासून बोलत असतात, कारण दोष मधल्या सांध्यात असतो आणि तो सांधा कोणाच्याच एएमसीत नसतो. म्हणून ऑर्डर देतानाच सांध्याची जबाबदारी एका माणसावर टाका. दोन्ही बोर्डांचे पासवर्ड, प्रोग्रॅमिंगचा बॅकअप आणि लायसन्सचे कागद कंपनीच्या ताब्यात घ्या. एखाद्या बोर्डाचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील तर त्यात नेटवर्किंग कार्ड घालण्याआधी नव्या आयपी यंत्रणेचा दर शेजारी मांडून बघा. बऱ्याचदा फरक वाटतो त्याहून कमी निघतो.

शेवटची चाचणी दोन्ही इंजिनिअर एकाच वेळी आपापल्या बोर्डासमोर उभे असताना घ्या, आणि ती दिवसभर कॉल देणाऱ्या ऑपरेटर ताईंनाच घेऊ द्या. कोण कोणाला कॉल देतं, कुठे अडकतं, हे त्यांच्याइतकं कारखान्यात कोणालाच ठाऊक नसतं. पुरवठादाराचा शेवटचा हप्ता त्या कागदावर त्यांची सही झाल्यावर सोडा.