वाळवंटातील सरोवराच्या काठी मुक्काम

आजच्या अभ्यासासाठी शिक्षकांनी प्रथम पॅलेस्टाईन देशाचा जुना नकाशा वर्गापुढे लावावा. आपल्या मंडळ्यांतील लहान मुलासही त्यावरील तीन नावे बोटाने दाखविता येतील: वर गालील समुद्र, मध्ये यार्देन नदी व खाली क्षारसमुद्र. वरच्या सरोवरात पाणी येते व तेथून पुढे जाते, म्हणून ते गोड राहिले. खालच्या सरोवरास पाणी बाहेर जाण्याची वाटच नाही. आलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि त्याबरोबर वाहत आलेले क्षार मागे राहतात, म्हणून ते खारट झाले. आपल्या बुलढाणे जिल्ह्यातील लोणारचे पाणी खारे का, ह्याचेही कारण हेच.

हे चित्र मनात ठेवून आता पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, चला. तेथे कॅलिफोर्निया व नेव्हाडा ह्या दोन संस्थानांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, ताहो नावाचे गोड पाण्याचे सरोवर आहे. त्यातून ट्रकी नदी निघते, रीनो शहरातून वाहते, आणि सुमारे १२० मैलांचा प्रवास करून नेव्हाडाच्या वाळवंटात पिरॅमिड नावाच्या सरोवरास मिळते. तेथे ती संपते. वर गोड सरोवर, मध्ये नदी, खाली वाट नसलेले सरोवर, असा हा दुसरा यार्देनच होय. फरक एवढाच की, पिरॅमिड सरोवर समुद्राच्या केवळ एक षष्ठांश खारे आहे, आणि त्यात मासे जगतात.

ह्या सरोवराच्या काठी राहुटी ठोकून दोन-चार दिवस मुक्काम करण्यास पुष्कळ लोक जातात. रीनोपासून ते सुमारे ३५ ते ४० मैलांवर आहे. पण शहर मागे पडताच जो मुलूख लागतो तो पाहून, आपण एका तासाच्या वाटेवर आहो हे खरे वाटत नाही. उघडे तांबूस डोंगर, सेजब्रश नावाची राखी रंगाची खुरटी झुडपे, आणि त्यांच्यामध्ये एकाएकी निळे पाणी. हा पसारा सुमारे १,२५,००० एकरांचा आहे. पावसाळा म्हणावा असा तेथे नाहीच. वर्षाकाठी सात-आठ इंच पाऊस पडला म्हणजे झाले. फार प्राचीन काळी लाहोंटन नावाचे सुमारे ८,५०० चौरस मैलांचे सरोवर ह्या प्रदेशावर पसरले होते. हवामान कोरडे होत गेले तसे ते आटले. त्याचे जे काही अवशेष आज राहिले आहेत त्यांत पिरॅमिड हे मुख्य. डोंगरांच्या अंगावर जुन्या पाण्याच्या रेषा पायऱ्यांसारख्या उमटलेल्या अजून दिसतात.

अशा ठिकाणी मुक्काम करणाऱ्याने काय जाणले पाहिजे? पहिली गोष्ट पाणी. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपल्याकडे उपहासाने म्हणतात, परंतु तेथे ती अक्षरशः खरी आहे. राहुटीच्या दारापासून क्षितिजापर्यंत पाणी दिसते, आणि त्यातील एक पेलाही पिण्याजोगा नाही. ते मचूळ आहे. म्हणून माणशी रोज निदान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर, पाणी पिण्यास व स्वयंपाकास बरोबर न्यावे लागते, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. परतीच्या वाटेसाठी व गाडी बिघडलीच तर एका जास्त दिवसासाठी वेगळे पाणी ठेवावे. तहान लागेपर्यंत थांबू नये, कारण कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही. तो निघताच वाळतो, आणि अंगातील पाणी कमी झाले हे माणसास डोके दुखू लागल्यावर कळते.

दुसरी गोष्ट वारा. वाळू मऊ असते, तिच्यात उभी खुंटी धरत नाही. दुपारपर्यंत सरोवर आरशासारखे स्थिर असते आणि त्या शांततेवर विसंबून नवखा माणूस राहुटीचे तणावे सैल ठेवतो. मग पश्चिमेच्या डोंगरांवरून वारा उतरतो. ह्या दुपारच्या वाऱ्यास तिकडे वॉशो झेफर असे लाडके नाव आहे, पण त्याचे वागणे लाडके नाही. वाळू डोळ्यांत जाते, चुलीवरचे भांडे उलथते, आणि पक्की न बांधलेली राहुटी झुडपांवरून फरफटत जाते. ह्यास उपाय असा की, तणाव्यास खुंटीऐवजी आडवी काठी अथवा वाळूने भरलेली पिशवी बांधून ती हातभर खोल पुरावी, वर वाळू दाबावी, आणि राहुटीची पाठ वाऱ्याकडे करावी. हे काम पोहोचताच, उजेड असता करावे. वारा सुटल्यावर दोघांनी ते करणे कठीण, एकट्याने तर अशक्यच.

राहुटी उडाली तर फार मोठे नुकसान होत नाही; होडी उलटली तर होते. सरोवर विस्तीर्ण असल्यामुळे लाटा थोड्या वेळात उंच होतात, आणि थंडीच्या व वसंताच्या दिवसांत पाणी इतके गार असते की, पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत आखडतात. तरंगण्याचा जाकीट अंगात घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये, मग आकाश कितीही निरभ्र असो.

बाकीच्या सूचना थोडक्यात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात निजू नये, कारण दूर डोंगरावर पडलेला पाऊस न गर्जता तेथे येतो. मोटार वाळूत पाण्याच्या कडेपर्यंत नेऊ नये. वरून सुकी दिसणारी वाळू खाली ओली असते व चाक आसापर्यंत रुतते. फावडे जवळ असावे, आणि चाकांतील हवा थोडी कमी केली तर गाडी बहुधा निघते. सकाळी जोडे झाडून घालावे. पांघरुणे उन्हाळ्यातही न्यावी. हवेत ओलावा नसल्याने दिवसाची उष्णता रात्री झाकली जात नाही, सरळ आकाशात निघून जाते. आपल्या देशावरील पौषातील रात्र ज्यांनी उघड्यावर काढली आहे त्यांस हे वेगळे सांगणे नको.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही वाळवंटास लागू पडेल. परंतु ह्या सरोवरावर राहुटी ठोकण्यापूर्वी एक परवाना घ्यावा लागतो, आणि तो कोणाकडून घ्यावयाचा ह्यात आजच्या धड्याचे मर्म आहे. हे सरोवर व त्याभोवतालची जमीन पायूट लोकांची आहे. मुक्कामाचा, मासे धरण्याचा व होडी घालण्याचा परवाना त्यांची पंचायत देते. येथील पायूटांचे स्वतःच्या भाषेतील नाव 'क्वी-वी खाणारे' असे आहे. क्वी-वी हा ह्या सरोवरातील मासा असून तो जगात अन्यत्र कोठेही नाही. तो चाळीस वर्षांहून अधिक जगतो आणि अंडी घालण्यासाठी वसंतात नदीत चढतो.

जानेवारी १८४४ मध्ये जॉन फ्रेमाँट हा अमेरिकन सैन्यातील अधिकारी वाट शोधीत येथे आला. पाण्यातून उठलेला एक सुळका त्यास मिसर देशातील पिरॅमिडसारखा दिसला, म्हणून त्याने सरोवरास ते नाव दिले. त्याच्या भुकेल्या टोळीस नदीच्या मुखाजवळ पायूटांनी मोठाले ट्राउट मासे आणून खाऊ घातले. म्हणजे पाहुण्यांनी ह्या काठी केलेल्या ज्या पहिल्या मुक्कामाची लेखी हकीकत आपणांस आहे, तो यजमानांच्या अन्नावर झालेला आहे. १८५९ मध्ये ही भूमी पायूटांसाठी राखून ठेवली गेली. पुढच्याच वर्षी येथे लढाई झाली. आणि १८७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांच्या हुकुमाने राखीव भूमी कायम झाली.

भूमी कायम झाली, पण पाणी? १९०२ मध्ये वाळवंटात पाणी नेऊन शेती वाढविण्याचा कायदा झाला, आणि १९०५ मध्ये ट्रकी नदीवर, सरोवराच्या वरच्या अंगास, डर्बी बंधारा पुरा झाला. नदीचे पुष्कळसे पाणी पाटाने दुसऱ्या खोऱ्यातील शेतांकडे वळले. नगर किंवा सोलापूर जिल्ह्यात पाटाच्या शेपटाशी ज्यांची शेते आहेत अशा वाचकांस पुढची गोष्ट सांगण्याची गरज नाही. सरोवर उतरू लागले. १९६७ पर्यंत ते सुमारे ८० फूट खाली गेले. नदीच्या मुखाशी गाळाचा पसरट उथळ भाग उघडा पडला व माशांना नदीत चढता येईना. ह्या सरोवरातील ट्राउट आपल्या जातीत जगात सर्वांत मोठे; १९२५ मध्ये एका पायूट गृहस्थाने ४१ पौंडांचा मासा धरला, तो उच्चांक अद्याप मोडलेला नाही. पुढे वीस वर्षेही झाली नाहीत तोच ह्या सरोवरातील ट्राउटचा तो मूळ वंश नाहीसा झाला.

न्यायाने एवढे म्हटले पाहिजे की, पाटाखालचे शेतकरी कोणी चोर नव्हते. सरकारने वचन दिले म्हणून ते ओसाड माळावर आले, राबले, व त्यांनी ती जमीन पिकविली. चूक होती ती एकच पाणी दोघांना देऊ करणाऱ्यांची. नदीच्या हक्कांचा खटला १९१३ मध्ये उभा राहिला व १९४४ मध्ये त्याचा निवाडा झाला. त्यात पायूटांची बाजू मांडणारे सरकार आणि पाटबंधाऱ्यांची बाजू मांडणारे सरकार एकच होते! पायूटांना शेतीपुरते पाणी मिळाले. माशांसाठी थेंबही नाही. जे लोक स्वतःस माशांच्या नावाने ओळखतात त्यांना नांगरासाठी पाणी द्यावे आणि माशांसाठी देऊ नये, ह्यास काय म्हणावे ते वर्गाने ठरवावे. हा निवाडा पुन्हा उघडावा म्हणून सरकारने पायूटांच्या वतीने व स्वतः पायूटांनी खटपट केली, पण १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

तरी त्यांनी धीर सोडला नाही. क्वी-वी हा नष्ट होण्याच्या पंथास लागलेला प्राणी म्हणून १९६७ मध्ये नोंदला गेला होता. तोच कायदा त्यांनी हाती घेतला. ट्रकीच्या एका उपनदीवर बांधलेल्या स्टॅम्पीड जलाशयाचे पाणी प्रथम माशांसाठी सोडावे हे धोरण योग्य आहे, असे न्यायालयांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत मान्य केले. १९९० मध्ये तडजोडीचा कायदा झाला, आणि त्यातून निघालेला नदीच्या वाटपाचा करार २०१५ च्या अखेरीस अंमलात आला. दरम्यान एक नवल घडले. १९७० ते १९८० ह्या दशकात, नेव्हाडा व युटा ह्यांच्या सीमेवरील पायलट शिखराच्या एका लहानशा ओढ्यात, कोणीतरी फार पूर्वी आणून सोडलेले काही ट्राउट सापडले. ते पिरॅमिडच्याच वंशाचे ठरले. ओढा इतका अरुंद की, त्यात मासा वीतभरच वाढे. त्यांची पैदास करून २००६ पासून ते पुन्हा सरोवरात सोडण्यात आले, आणि तेथे ते पाहता पाहता वीस पौंडांवर गेले. २०१४ मध्ये हे ट्राउट ट्रकी नदीत चढून आपोआप अंडी घालताना दिसले. ह्यापूर्वी असे घडल्यास ७६ वर्षे झाली होती.

म्हणून आज हिवाळ्यात त्या काठी मुक्काम करणाऱ्यास पहाटे एक गमतीचे दृश्य दिसते. गळ टाकणारे लोक घरात दिवा लावण्यास वापरतात तसल्या शिड्या पाण्यात रोवून, त्यांवर रांगेने उभे असतात, कारण मासे फिरतात ती खोल पाण्याची कड काठापासून थोडी दूर आहे. ट्राउट धरण्याची मुदत १ ऑक्टोबरपासून ३० जूनपर्यंत असते. नियम पंचायतीचे आहेत व ते पाळावे लागतात. अनाहो बेटावर पांढऱ्या पाणकोळ्यांची फार मोठी वसाहत आहे. ते १९१३ पासून राखीव असून त्यावर उतरण्यास मनाई आहे. तो पिरॅमिड सुळका आणि त्याजवळची 'पाषाण माता' हा भागही पाहुण्यांस बंद आहे. पायूट सांगतात की, आपली मुले भांडून पांगली म्हणून ही माता रडत बसली, तिच्या आसवांचे सरोवर झाले, आणि टोपली शेजारी ठेवून ती तेथेच दगड झाली. पूर्वी तेथे लोकांस जाऊ देत असत. पाहुण्यांनी खडकांवर नावे खरडली व कचरा टाकला, तेव्हा वाट बंद झाली. ह्याबद्दल कुरकुर करणारे भेटतात. पण आपल्या घराच्या भिंतीवर कोणी नाव कोरले तर आपण त्यास दुसऱ्यांदा ओसरीवर तरी बसवू काय?

नकाशा उतरविण्यापूर्वी वर्गाने आणखी एक जागा शोधावी. पिरॅमिडच्या पूर्वेस एक डोंगराची ओळ आहे आणि तिच्या पलीकडे विनेमक्का हे दुसरे सरोवर होते. ट्रकीला पूर आला म्हणजे उरलेले पाणी तिकडे जात असे. त्याच्या काठच्या खडकांवर माणसांनी कोरलेल्या आकृती आहेत. त्या निदान १०,००० वर्षांपूर्वीच्या असाव्यात असे शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे तेथेही मुक्काम करणारे होते. डर्बीचा बंधारा झाल्यावर पूर येईनासे झाले, आणि १९३८ च्या सुमारास विनेमक्का पार आटले. १९३६ मध्ये ते पक्ष्यांसाठी राखीव केले होते. पक्षी उरले नाहीत म्हणून १९६२ मध्ये ते नावही काढून टाकले. आज निक्सन गावाहून उत्तरेस जाणारी सडक त्या कोरड्या तळाच्या कडेने जाते. दुपारचा वारा सुटला की, तेथून पांढरी धूळ उठते. तेथे राहुटी ठोकण्यास कोणी थांबत नाही.