पाहून ठरविणारी यंत्रे
(सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांसाठी पाठाचे टाचण)

प्रास्ताविक

यंत्रांची माहिती देताना पुष्कळदा यंत्रांची नावे व त्यांच्या शोधकांची नावे यांची यादी फळ्यावर लिहिली जाते आणि विद्यार्थी ती पाठ करतात. अशा यादीने जिज्ञासा वाढत नाही. औषधोपचार, वाहने व कारखाने या तिन्ही क्षेत्रांत अलीकडच्या काळात जी नवी साधने आली, ती वरवर एकमेकांपासून अगदी भिन्न वाटतात. परंतु त्यांपैकी अनेकांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. ते तत्त्व एकदा मुलांच्या ध्यानी आले की पुढे कोणतेही नवे यंत्र समोर आले तरी त्याला कोणते प्रश्न विचारावेत हे त्यांना आपोआप कळू लागते. प्रस्तुत पाठाचा उद्देश एवढाच आहे.

पाठाचा आरंभ घरातून करावा. गोंदिया जिल्हा धानाचा आहे. तिरोड्यापासून अर्जुनी-मोरगावपर्यंत कोणत्याही घरी आई सुपात तांदूळ घेऊन निवडीत बसलेली मुलांनी पाहिलेली असते. तिच्या हातून तीन गोष्टी घडतात. प्रथम ती दाणा पाहते. मग चांगला दाणा कसा असतो याचे जे चित्र तिच्या मनात असते, त्याच्याशी तो ताडून पाहते. शेवटी खडा किंवा काळा दाणा बोटाने वेचून दूर टाकते. पाहणे, ताडून पाहणे आणि कृती करणे, हे तीन शब्द शिक्षकाने फळ्याच्या वरच्या बाजूस लिहून पाठ संपेपर्यंत तसेच राहू द्यावेत.

जुने उदाहरण

हे तत्त्व नवे नाही. जेम्स वॅट याने वाफेच्या इंजिनाला १७८८ साली दोन फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला. इंजिनाचा वेग वाढला की गोळे दूर फाकत आणि वाफेची झडप थोडी मिटे. वेग घटला की गोळे जवळ येत आणि झडप उघडे. खेड्यातील डिझेलवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीतही असाच नियामक असतो. पाळूत दाणे पडले की इंजिनाचा आवाज क्षणभर जड होतो आणि लगेच पूर्ववत होतो. तो नियामकाचा परिणाम होय. गावातील वडीलधाऱ्या माणसांना हा आवाज चांगला ठाऊक असतो. मुलांनी त्यांस विचारून यावे. नवीन आहे ते इतकेच की पूर्वी जे काम लोखंडी गोळे करीत, ते आता प्रकाश, वीज व गणन करणारी सूक्ष्म यंत्रणा करते, आणि तेही सेकंदाच्या अल्पशा भागात.

पहिले यंत्र : भातगिरणीतील

गोंदियातील भातगिरण्या मुलांच्या परिचयाच्या आहेत. गिरणीत धान प्रथम स्वच्छ होते. नंतर निरनिराळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन रबरी रुळांमधून जाताना त्याचे टरफल सुटते. पुढे कोंडा निघून तांदूळ पांढरा होतो व कणी वेगळी काढली जाते. इतके झाल्यावरही काळे, पिवळे, खडूसारखे दाणे आणि बारीक खडे उरतात. ते वेगळे करणाऱ्या यंत्रास गिरणीतील लोक ‘सॉर्टेक्स’ म्हणतात. हे मूळचे एका इंग्रज कंपनीचे नाव. परंतु आपल्याकडे रंगावरून दाणे निवडणाऱ्या साऱ्याच यंत्रांना ते चिकटले आहे.

या यंत्रात तांदूळ उतरत्या पन्हाळीतून पातळ थराने खाली घसरतो. पन्हाळीच्या टोकाशी त्याच्यावर तीव्र प्रकाश पडतो आणि पुढून व मागून कॅमेरे प्रत्येक दाणा पाहतात. दाण्याचा रंग ठरविलेल्या मर्यादेबाहेर गेला की खालच्या बाजूची एक बारीक झडप उघडते व दाबलेल्या हवेचा झोत तेवढा दाणा उडवून वेगळ्या मार्गाने पाडतो.

येथे गणिताची सांगड घालावी. समजा, दाणा सेकंदाला ३ मीटर वेगाने पडत आहे आणि कॅमेऱ्याची नजर व हवेचा झोत यांत ३ सेंटिमीटरचे अंतर आहे. ३ मीटर म्हणजे ३०० सेंटिमीटर. म्हणून निर्णय घेण्यास यंत्राला सेकंदाचा शंभरावा भाग एवढाच वेळ मिळतो. डोळ्याचे पाते लवण्यास लागणाऱ्या वेळात असे दहा निर्णय होऊन जातात.

दुसरे यंत्र : वाहनातील

रोवणीच्या दिवसांत ओल्या रस्त्यावरून शाळेस येणाऱ्या शिक्षकाला ब्रेक घट्ट दाबण्याचे भय चांगले ठाऊक असते. ब्रेक फार जोराने दाबला की चाक फिरावयाचे थांबते, परंतु गाडी थांबत नाही, ती घसरते. घसरणाऱ्या चाकाची रस्त्यावरील पकड कमी होते आणि गाडी वळविताही येत नाही.

यावर योजलेली व्यवस्था मुलांना ‘ए. बी. एस.’ या नावाने ऐकून ठाऊक असेल. चाकाशेजारी दातेरी अथवा भोकांचे एक कडे असते. त्याच्याजवळचा संवेदक किती दाते पुढून गेले हे मोजतो. हे झाले पाहणे. वेग एकाएकी अवाजवी घटला, म्हणजेच चाक अडकू लागले, हे यंत्रणा ओळखते. हे झाले ताडून पाहणे. मग ती ब्रेकचा दाब क्षणभर कमी करते आणि चाक फिरू लागताच पुन्हा वाढविते. ही झाली कृती. हे चक्र एका सेकंदात अनेकदा घडते. जर्मनीतील बॉश कंपनीने ही विद्युत्-यंत्रणा १९७८ साली मोटारगाडीसाठी बाजारात आणली. भारतात १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींना ती एप्रिल २०१८ पासून नव्या नमुन्यांसाठी व एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांसाठी अनिवार्य करण्यात आली. गोंदिया स्थानकावर थांबणाऱ्या गाड्यांच्या नव्या धर्तीच्या एल. एच. बी. डब्यांतही प्रत्येक आसाचा वेग मोजून चाक घसरू न देण्याची अशीच योजना असते.

तिसरे यंत्र : दवाखान्यातील

१५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन माणसांचे तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहिले गेले. बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे ते लहानसे यंत्र तेव्हा गावोगाव पोहोचले. त्याचे नाव पल्स ऑक्सिमीटर. त्याचे मूळ तत्त्व जपानमधील अभियंता ताकुओ आओयागी याने १९७०च्या दशकाच्या आरंभी शोधले. ज्या वर्षी जगभर त्या यंत्राकडे लोकांचे डोळे लागले होते, त्याच २०२० साली एप्रिलमध्ये तो निधन पावला.

बोटाच्या एका बाजूने यंत्र दोन प्रकारचा प्रकाश सोडते : एक तांबडा व एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. दुसऱ्या बाजूस किती प्रकाश पोहोचला हे मोजले जाते. प्राणवायूयुक्त रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते. प्राणवायू कमी झालेले रक्त तो अधिक शोषते. अवरक्त प्रकाशाची गोष्ट याच्या उलट आहे. नाडीच्या ठोक्याबरोबर धमनीतील रक्त कमीअधिक होते. त्या बदलावरून यंत्र केवळ धमनीच्या रक्ताचा हिशेब वेगळा काढते. मग दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर आधी तयार केलेल्या कोष्टकाशी ताडून पाहून पडद्यावर आकडा दाखविते. हे कोष्टक निरोगी माणसांना कमी प्राणवायूची हवा देऊन व त्याच वेळी त्यांचे रक्त तपासून बनविलेले असते. येथे कृती यंत्र करीत नाही. आकडा पाहून रुग्णाला घरी ठेवावे की रुग्णालयात न्यावे, हे माणूस ठरवितो.

दोन प्रकारच्या चुका

पाठाचे मर्म पुढे आहे. त्याला सर्वांत अधिक वेळ द्यावा. निवडणारा कोणीही असो, त्याच्याकडून दोनच प्रकारच्या चुका संभवतात : वाईट दाणा चांगला समजून ठेवणे, अथवा चांगला दाणा वाईट समजून टाकणे. गिरणीतील यंत्राची मर्यादा कडक ठेवली तर खडा राहत नाही, परंतु चांगला तांदूळही उडून जातो. सैल ठेवली तर तांदूळ वाचतो, परंतु खडा राहतो. पांढऱ्या तांदळासाठी लावलेल्या यंत्रात तांबड्या जातीचा तांदूळ घातला, तर ते तो सारा वाईट म्हणून फेकील. दोष तांदळाचा नव्हे. यंत्राला ‘चांगले’ म्हणून जे दाखविले गेले, त्यात तो नव्हता. सुट्या गिट्टीच्या रस्त्यावर ए. बी. एस. असलेली गाडी कधीकधी थांबण्यास अधिक अंतर घेते, हेही याच जातीचे उदाहरण.

दवाखान्यात या चुकीची किंमत फार मोठी असते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०२०मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. बोटावरील यंत्र ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा दाखवीत असताना रक्ताच्या प्रत्यक्ष तपासणीत प्रमाण ८८हून कमी निघाले, असे गोऱ्या रुग्णांत दर शंभर तपासण्यांत सुमारे ४ वेळा, तर कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ वेळा आढळले. त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते. त्या देशातील २०१३च्या मार्गदर्शनानुसार अशा यंत्राची चाचणी किमान १० माणसांवर घ्यावयाची होती आणि त्यांत गडद वर्णाची किमान दोन माणसे अथवा एकंदरीच्या १५ टक्के, यांपैकी जी संख्या अधिक असेल तितकी, पुरेशी मानली जात असे. जानेवारी २०२५मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने याहून पुष्कळ अधिक माणसांवर, निरनिराळ्या वर्णच्छटांवर चाचणी घेण्याविषयीचा मसुदा प्रसिद्ध केला.

ही गोष्ट आपल्या वर्गापासून दूरची नाही. उन्हात धानाच्या बांधीत राबणाऱ्या आईबापांची सावळी मुलेच आपल्या शाळांत बसतात. या भागात सिकलसेलचे रुग्णही आहेत आणि त्यांच्या बाबतीत बोटावरच्या आकड्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. म्हणून मूल धापा टाकीत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा चांगला आहे एवढ्यावरून स्वस्थ बसू नये. त्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. त्याचबरोबर यंत्र निरुपयोगी आहे असाही ग्रह मुलांचा होऊ देऊ नये. पुष्कळ रुग्णांची खालावणारी प्रकृती वेळीच कळली ती याच यंत्रामुळे. यंत्र टाकून देणे हा शहाणपणा नव्हे आणि त्याला देव मानणे हाही नव्हे.

वर्गात करावयाचे प्रयोग

१. अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर बोट ठेवावे. बोटातून तांबडा प्रकाश बाहेर येतो. इतर रंग आत शोषले जातात. विजेरी डोळ्यांवर धरू नये.

२. शंभर दाणे तांदळात दहा बारीक खडे मिसळावेत. एका मुलाने १५ सेकंदांत निवड करावी. राहिलेले खडे व वाया गेलेले दाणे निरनिराळे मोजून दोन स्तंभांत लिहावेत. मग त्यालाच ३० सेकंद द्यावेत व आकडे ताडून पाहावेत.

३. सायकल मोकळ्या, कोरड्या जागी हळू चालवून मागचा ब्रेक आधी एकदम व नंतर थोडा थोडा दाबावा. दोन्ही वेळा जमिनीवर उमटलेली खूण मुलांनी पाहावी. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील किंवा गावातील एखादे साधन घेऊन ते काय पाहते, कशाशी ताडते व कोणती कृती करते, हे तीन वाक्यांत लिहा.

२. त्या साधनाकडून दोन प्रकारच्या चुका कोणत्या होऊ शकतील? त्यांपैकी कोणती चूक अधिक घातक आहे व का?

३. आई तांदूळ निवडताना ज्या गोष्टी ओळखते, परंतु कॅमेऱ्याला ओळखता येणार नाहीत, अशा दोन गोष्टी तिला विचारून लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. तांदूळ नवा की जुना हे बोटांनी चोळून व वास घेऊन सांगणाऱ्या बायका प्रत्येक गावी आहेत. त्यांचे ज्ञान हेही मापनच आहे, आणि यंत्राला कोणी तरी शिकवावे लागते तेव्हा ते अशाच जाणत्या माणसाकडून घ्यावे लागते, हे मुलांच्या मनावर ठसले म्हणजे पाठ पूर्ण झाला असे समजावे.