कानातल्यातली निविदा सूचना

कागदाचे कपटे पितळी बेसमध्ये चिकटवून, वर रेझिन ओतून कानातली आणि पेंडंट करायला लागून मला नऊ वर्षं झाली. कुणाकडे शिकले नाही. बराच माल वाया घालवल्यावर जे कळलं, ते हे.

१. मूळ कागदाला कात्री लावू नका. आईच्या वहीतलं मेतकुटाचं पान मी उत्साहाने कापलं. तिच्या अक्षरातलं ‘मेथीदाणे १ चमचा’ एवढं गोल पेंडंटमध्ये झकास बसलं आणि बाकीचं प्रमाण कचऱ्यात गेलं. तेव्हापासून घरचं मेतकूट अंदाजपंचे. आता आधी रंगीत झेरॉक्स काढते, तीही लेझरची. घरच्या इंकजेटची शाई ओला हात लागताच फुटते.

२. कागदाला आधी फेविकॉल पाजा. वर्तमानपत्रातल्या एका नर्तकीचा डोळा मी कानातल्यासाठी कापला होता. रेझिन पडताच कागद तेलकट भज्याखालच्या कागदासारखा आरपार दिसू लागला आणि मागची निविदा सूचना डोळ्यात उमटली. मैत्रिणीने ते हट्टाने मागून घेतलं, तो भाग वेगळा. पातळ कागदाला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही पाण्यात सैल केलेल्या फेविकॉलचे दोन हात द्यायचे. खडखडीत वाळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

३. रेझिन म्हणजे आमटी नव्हे. डब्यावर रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण १:१ असो की २:१, माप तेच, आणि ते वजनाने की आकारमानाने हेही वाचायचं. लवकर सुकावं म्हणून मी हार्डनर सढळ हाताने घातला. ती पेंडंट आजही बोटाला चिकटतात. पुण्यातल्या पावसाळी दमट हवेत वर पांढुरकं धुकं धरतं, ते वेगळंच. म्हणून जून ते सप्टेंबर मी फक्त कापते आणि मांडते. ओतणं दिवाळीनंतर, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून.

४. टेबल आवरू नका. शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर माझा पसारा कायम असतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक कपटा जागेवर बसतो. सगळं कपाटात होतं, तेव्हा महिनोन्महिने काही झालं नाही.

५. एकाच नमुन्याचे ४० जोड करायची ऑर्डर मी एकदा घेतली. पंधराव्या जोडीला हात नाही म्हणाला. पैसे मिळाले, पण नंतर दोन महिने कात्री उचलवेना. आता तशी ऑर्डर घेत नाही.

६. ‘या वयात?’ असं विचारणाऱ्यांना मी मेरी डिलेनीबाईंचं नाव सांगते. अठराव्या शतकातल्या या इंग्रज बाईने वयाच्या ७२व्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली. नजर अधू होईपर्यंत, साधारण दहा वर्षांत, जवळजवळ हजार केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी तर अजून साठीतही नाही.

७. साहित्यावर पैसे उधळू नका. लग्नपत्रिकेचा जाड कागद आणि त्यावरची सोनेरी छपाई बाजारात विकत घ्यायला महाग पडते, आणि आपण ती सर्रास रद्दीत घालतो. तुमच्याकडे गठ्ठा साठला असेल, तर एक दुपार काढा आणि निदान गणपती तेवढे कापून ठेवा.