प्लास्टिकमधील स्फटिक

गतवर्षीं आमच्या वर्गांतील खडूच्या डब्याचें झांकण वांकडें झालेलें आढळलें. तें उन्हांत ठेवल्याचा ठपका आम्हीं एका विद्यार्थ्यावर ठेवला. पुढें त्याच खरेदींतील दुसरा, न वापरलेला डबा काढला, तों त्याचेंही झांकण तसेंच वांकडें! तेव्हां खरें कारण शोधणें आम्हांस भाग पडलें.

शिरोड्याच्या मिठागरांत पाणी आटलें म्हणजे मिठाचे चौकोनी खडे जमतात. कण ठराविक रचनेनें बसले म्हणजे स्फटिक होतो. प्लास्टिकमध्येंही असेंच घडतें, पण अर्धवट. त्याचे रेणू सुताप्रमाणें अतिशय लांब असून वितळलेल्या रसांत ते गुंतलेले असतात. रस निवूं लागला कीं कांहीं साखळ्या घड्या पडून शेजारीं शेजारीं रचल्या जातात. बाकीचा गुंता तसाच राहतो. रचलेल्या भागाच्या प्रमाणास स्फटिकता म्हणतात.

पॉलिथिनचें उदाहरण घ्या. १९३३ सालीं इंग्लंडांत प्रथम सांपडलेल्या जातीच्या साखळ्यांस फांद्या फार, म्हणून त्या नीट रचल्या जात नाहींत. स्फटिकता सुमारें निम्मी. हें प्लास्टिक मऊ, पिशव्यांस योग्य. १९५३ सालीं जर्मनींत कार्ल झीग्लर यांनीं जवळजवळ सरळ साखळ्यांचें पॉलिथिन बनविलें. त्याची स्फटिकता शेंकडा सत्तरांहून अधिक असूं शकते. तें ताठ व टणक, म्हणून मालवणच्या बंदरावर दिसतात तसल्या मासळीच्या क्रेटींस उपयोगी. स्फटिक व गुंता यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून रंग न घातलेला असा डबा दुधी दिसतो.

निवण्याचा वेगही महत्त्वाचा आहे. पाण्याच्या बाटलीचें प्लास्टिक सांच्यांत झटकन थंड करतात. साखळ्यांस रचण्यास अवधि मिळत नाहीं व तें कांचेसारखें पारदर्शक राहतें. तेंच सावकाश निवलें तर पांढुरकें व ठिसूळ होतें.

आतां झांकणाकडे वळूं. तें एका कडेस जाड, दुसरीकडे पातळ होतें. जाड भाग सावकाश निवतो. तेथें स्फटिक अधिक होतात. स्फटिकांत साखळ्या दाटीनें बसत असल्यामुळें तो भाग अधिक आकसतो, आणि वस्तु वांकते. म्हणजे दोष उन्हाचा नव्हता, मुलाचा तर नव्हताच. तो सांच्यांतच उत्पन्न झाला होता.

आम्हीं त्या विद्यार्थ्याची सर्व वर्गासमक्ष क्षमा मागितली. दोष देण्यापूर्वीं कारण शोधावें, हाही शास्त्राचाच धडा होय. आणि तो प्रथम शिक्षकानें शिकावयास हवा.